खोलीत कॉफीचं मशीन की साधी केटल?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी खोलीतल्या चहा-कॉफीविषयी बरीच पत्रं आली. काही हॉटेलवाल्यांची, काही पाहुण्यांची. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : स.न.वि.वि. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर आमचं १८ खोल्यांचं रिसॉर्ट आहे. खोल्यांत चहा-कॉफीची काहीच सोय नाही. सकाळी साडेसहापासून फोन सुरू होतात आणि दोन मुलं चहा पोचवता पोचवता थकतात. एका विक्रेत्यानं प्रत्येक खोलीत कॅप्सूलवर (एका कपापुरत्या कॉफीच्या सीलबंद डबीवर) चालणारं एक-कपी कॉफी मशीन ठेवायला सुचवलं आहे. मशीन सवलतीत मिळेल, कॅप्सूल मात्र त्याच्याकडूनच घ्यायच्या. ठेवावं का?
– रिसॉर्टमालक, पाचगणी

उत्तर : ठेवू नका. खोलीत गरम पाण्याची सोय जरूर करा, पण कॅप्सूलचं मशीन नको. यात पैशाचा प्रश्न आहेच, त्याहून मोठा प्रश्न रोजच्या निगराणीचा आहे.

हे मशीन काय करतं ते आधी पाहू. छोटा पंप टाकीतलं पाणी ओढतो, ते तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जातं आणि दाबाखाली कॅप्सूलमधल्या पाच-सहा ग्रॅम पुडीतून उतरतं. खोक्यावर १५ किंवा १९ बार लिहिलेलं असतं, तो पंपाचा कमाल दाब. एस्प्रेसो उतरायला ९ बारच्या आसपास पुरतो. अर्ध्या मिनिटात मशीन तापतं, आणखी अर्ध्या मिनिटात ४० मिलिलिटर दाट, काळी कॉफी कपात पडते. कॉफी चांगली असते, त्याबद्दल वाद नाही. पण साडेसहाला फोन करणाऱ्या तुमच्या पाहुण्याला हवा असतो आलं घालून दुधात उकळलेला चहा, नाहीतर दुधाची कॉफी. कपाच्या तळाशी ४० मिलिलिटर काळी कॉफी बघून तो ‘जरा दूध पाठवा’ म्हणून पुन्हा फोन उचलणार. म्हणजे मशीन येऊनही मुलांची धावपळ तशीच राहणार.

आता बिघाडांकडे येऊ. वापरलेली कॅप्सूल आत पडून राहते. तिच्यातला ओला चोथा उबदार, बंद डब्यात दोन दिवसांत बुरशी धरतो. तुमच्याकडच्या पावसाळी हवेत त्याला तेवढाही वेळ लागत नाही. टाकीत पाणी साचून राहिलं की आतून बुळबुळीत थर चढतो. टाकी रिकामी असताना कुणी बटण दाबलं तर पंपात हवा अडकते, मशीन नुसतं घुरघुरतं आणि पाहुणा ‘मशीन बंद आहे’ असं कळवतो. टाकी भरून, कॅप्सूल न घालता दोन-तीनदा पाणी सोडलं की बहुतेक वेळा ते सुटतं. पण हे करायला कुणाला तरी खोलीत जावंच लागतं. सगळ्यात महाग चूक म्हणजे पाण्याच्या टाकीत दूध ओतणं. दूध तापलेल्या ठोकळ्यात करपून बसतं, बारीक नळ्या तुंबतात आणि मशीन दुरुस्तीलाच जातं. शिवाय झुरळांना अशी उबदार, अंधारी, गोडसर वासाची जागा फार आवडते. लाकडी फर्निचरच्या खोल्यांत हे विसरू नका.

प्रत्येक खोलीत कॅप्सूलचा डबा रिकामा करणं, टाकी धुऊन कोरडी करणं, ठिबक-तबक पुसणं, एकदा नुसतं पाणी सोडणं यात पाचएक मिनिटं जातात. १८ खोल्यांची ९० मिनिटं झाली, तीही चेक-आउटच्या ऐन गर्दीत. ही ९० मिनिटं रोज मिळणार नसतील, तर काही दिवसांत मशीनं घाण होणार आणि खोली चांगली असूनही पाहुणा त्याच मशीनचा फोटो काढणार.

कचऱ्याचा हिशोब तर मांडूनच बघा. रोज सरासरी ११ खोल्या भरलेल्या आणि खोलीमागे दोन कॅप्सूल धरल्या तर वर्षाला ८,०३० कॅप्सूल होतात. रिकाम्या ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम आठ किलो धातू, आणि प्रत्येकीत ओला चोथा गच्च बसलेला. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता येतं हे खरं. पण त्यासाठी प्रत्येक कॅप्सूल फोडून, चोथा काढून, धुऊन वेगळी ठेवावी लागते. आठ किलोसाठी हे कोण करणार? भंगारवालाही चोथ्यासकट घेत नाही. प्लास्टिकच्या कॅप्सूलला तर काहीच किंमत येत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी कॅप्सूल कॉफी खरेदी करणं थांबवलं, ते याच कारणानं. आपला महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. इथला न कुजणारा कचरा शेवटी कुठल्या तरी दरीच्या काठाला जातो, हे आपण सगळेच पाहतो. ज्या डोंगरावर धंदा उभा आहे, त्याच्या पोटात वर्षाला आठ हजार कॅप्सूल घालू नयेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग काय ठेवावं? प्रत्येक खोलीत एक लिटरची, आतून पूर्ण स्टीलची, १,००० वॅटची केटल ठेवा. आत प्लास्टिक दिसणारी घेऊ नका, पाण्याला वास येतो. दोन कप म्हणजे ३०० मिलिलिटर पाणी तिच्यात दोन मिनिटांत उकळतं आणि वीज लागते जेमतेम ०.०३ युनिट. सोबत चहाच्या पिशव्या, साखर आणि कॉफीच्या ड्रिप बॅग द्या. ड्रिप बॅग म्हणजे कागदी गाळणीत १० ग्रॅम दळलेली कॉफी. ती कपाच्या काठावर अडकवायची, आधी थोडं पाणी घालून पुडी भिजू द्यायची, अर्ध्या मिनिटानं उरलेलं पाणी दोन-तीन वेळा करून ओतायचं. एकूण १५० मिलिलिटर. चोथा कागदासकट खतात जातो, वरचं पाकीट तेवढं कचऱ्यात उरतं. ढवळायला स्टीलचा चमचा द्या. प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

दुधाच्या भुकटीवर भागवू नका. रात्री खोलीतून दुधाची वेळ विचारून घ्या आणि सकाळी ५०० मिलिलिटरच्या स्टील थर्मासमध्ये ३०० मिलिलिटर उकळतं दूध भरून दाराशी पोचवा. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं पाच मिनिटं तापवून घ्यायचा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासातच दूध कोमट होतं. साडेसहाला दिलेला थर्मास नऊच्या आत परत घ्या. कोमट दूध तासन् तास ठेवण्यासारखी वस्तू नाही. झाकणातलं रबर रोज काढून धुवायचं, दुधाचा आंबट वास तिथूनच येतो. दूध ६० रुपये लिटर धरलं तर खोलीमागे १८ रुपये पडतात. मुलांच्या फेऱ्या राहतात, पण त्या ठरल्या वेळी, एकाच हातगाडीवरून होतात.

खरी चांगली कॉफी द्यायची हौस असेल तर ती जेवणघरात द्या. ४० कप फिल्टर कॉफीला ४०० ग्रॅम पुडी आणि दोन लिटर उकळतं पाणी लागतं. पुडी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून हाती सव्वा लिटरच्या आसपास काढा येतो. कपाला ३० मिलिलिटर काढा आणि शंभरेक मिलिलिटर गरम दूध. पुडी फार बारीक असेल तर काढा खाली उतरतच नाही आणि भरड असेल तर पाणचट होतो. उतरलेला काढा पुन्हा उकळू नका, कडवट होतो. गरम करायचं ते दूध. चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, मिसळलेली कॉफी घेतलीत तर पाकिटावरचं प्रमाण वाचा. कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, चवीला २० ते ३० टक्के पुरे.

कॅप्सूल मशीन शोभतं ते चार-पाच खोल्यांच्या, दिवसभर माणूस हजर असलेल्या महागड्या बंगल्यात. तिथेही खोलीत नव्हे, बैठकीच्या जागेत एकच ठेवावं. आणि घेण्याआधी सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारावं. उत्तर पुणे आलं, तर बंद पडलेलं प्रत्येक मशीन घाट उतरून शंभरेक किलोमीटर न्यायचं आहे, हे धरूनच हिशोब करावा.

प्रश्न : आम्ही सुट्टीत लहान मुलाला घेऊन फिरतो. हॉटेलच्या खोलीतली केटल वापरणं सुरक्षित असतं का? तिच्यात दूध तापवलं तर चालतं का?
– वाचक, सांगली

उत्तर : पाणी तापवायला वापरा, दूध कधीच नको.

केटल हातात घेतल्यावर झाकण उघडून वास घ्या. मसाल्याचा किंवा नासक्या दुधाचा वास आला तर सरळ बदलून मागा. बऱ्याच खोल्यांत लोक तिच्यात नूडल्स शिजवतात, अंडी उकडतात, आणि तेलाचा थर तोटीच्या जाळीत बसून राहतो. वास नसेल तर कमाल खुणेपर्यंत पाणी भरून एकदा उकळा, ते फेकून द्या आणि दुसरं पाणी भरा. उकळल्यानं जंतू मरतात, पण तेल किंवा साबणाचा अंश जात नाही. म्हणून डोळ्यांनी पाहणं आणि नाकानं वास घेणं या दोन्ही गोष्टी आधी करायच्या. तळाला नुसते पांढरे डाग असतील तर घाबरू नका, ते पाण्यातले क्षार असतात.

दूध का नको? केटलचा तळ फार लवकर आणि फार तापतो. दूध तिथे लागतं, करपतं आणि फेस धरून वर चढतं. पातेल्यातलं दूध उतू जाताना आपण गॅस बारीक करतो, इथे बारीक करायची सोयच नसते. उतू गेलेलं दूध तोटीतून खालच्या तबकडीच्या विजेच्या जोडणीवर उतरतं. शिवाय केटल आपोआप बंद होते ती वाफेमुळे. वाफ वरच्या बारीक छिद्रातून आतल्या धातूच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टी तापून वाकते आणि बटण पडतं. छिद्रावर साय बसली की वाफ पोचत नाही आणि केटल चालूच राहते. झाकण उघडं ठेवून पाणी तापवलं तरी असंच होतं, म्हणून झाकण नीट लावा. पाणी कमाल खुणेच्या वर भरू नका, उकळताना तोटीतून बाहेर उडतं. आणि केटल टेबलाच्या कडेला, मुलाच्या हाताला वायर लागेल अशी ठेवू नका.

मुलासाठी दूध गरम करायचं असेल तर ते स्टीलच्या पेल्यात किंवा बाटलीत घ्या, मोठ्या वाडग्यात केटलचं गरम पाणी ओता आणि बाटली त्यात पाच-सात मिनिटं उभी ठेवा. मधून हलवा, म्हणजे ऊब सगळीकडे सारखी पोचते, आणि थेंबभर मनगटावर टाकून बघा. हे फक्त कोमट करण्यासाठी. कच्चं दूध असेल तर ते स्वयंपाकघरातूनच उकळून मागवा, हॉटेलवाला नाही म्हणत नाही.

प्रश्न : कासच्या वाटेवर आमच्या घराशेजारी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. केटल ठेवल्यापासून सकाळी एमसीबी पडतो. वायरमन म्हणतो, मोठा एमसीबी बसवू. लाइट गेली की इन्व्हर्टरही बीप करून बंद होतो.
– घरगुती निवासचालक, सातारा तालुका

उत्तर : मोठा एमसीबी बसवू देऊ नका. सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. एमसीबी तुमची वायर वाचवतो. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला तर खटका पडायचा थांबेल आणि भिंतीतली वायर तापायला लागेल.

हिशोब सोपा आहे. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर मिळतात. १,००० वॅटची केटल सव्वाचार-साडेचार अँपिअर ओढते, १,५०० वॅटची साडेसहा. चार खोल्यांचे पॉइंट बहुधा १.५ चौरस मिलिमीटरच्या एकाच वायरवर, १० अँपिअरच्या एमसीबीखाली आहेत. चार केटल एकदम लागल्या की १७ अँपिअरच्या पुढे जातं. एमसीबी पडला नसता तरच काळजी करायला हवी होती.

दोन-दोन खोल्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन ओढा आणि तिला १६ अँपिअरचा एमसीबी द्या. १,००० वॅटची केटल साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. १,५०० ची घेतली असेल तर १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. लहान सॉकेटवर ती लावली की पिना सैल होत जातात, ठिणगी पडते आणि प्लास्टिक पिवळं पडतं. गीझर या लाइनवर अजिबात नको, त्याला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन द्या. केटलची वायर मुद्दाम आखूड असते, पाऊण मीटरच्या आसपास. म्हणून सॉकेट चहाच्या फळीलगत, फळीच्या थोडा वर घ्या. सॉकेट लांब असला की पाहुणा एक्स्टेन्शन बोर्ड लावतो, आणि जळण्याचे प्रकार तिथेच होतात.

मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा खटका, हवाच. पाणी आणि वीज जवळ आली की जीव वाचवतो तो हाच, एमसीबी नव्हे. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. त्याच्या जोडीला अर्थिंगही चांगलं हवं. तुमच्याकडे जांभा खडक आहे, पावसाळ्यात ओला आणि उन्हाळ्यात पार कोरडा. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. मार्च ते मे दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी घाला आणि वर्षातून एकदा, तेही उन्हाळ्यातच, मोजून घ्या. ५ ओमच्या आत यायला हवं.

इन्व्हर्टरवर केटल चालणार नाही. घरगुती ८५० ते १,००० व्हीएचा इन्व्हर्टर ७००-८०० वॅटपर्यंतच झेपवतो. केटलच्या लाइन इन्व्हर्टरमधून काढून घ्या आणि खोलीत तशी पाटी लावा. लाइट नसताना चहा चुलीवरचा किंवा गॅसवरचाच द्यावा. बहुतेक पाहुण्यांना तोच आवडतो.

प्रश्न : महाबळेश्वरला घरचीच चहापूड नेली तरी चहा फिका का होतो?
– वाचक, मिरज

उत्तर : उंचीमुळे. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश उतरतो. तुमच्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवला आणि १,३७० मीटरवरच्या महाबळेश्वरात साडेपंचाण्णवला. कितीही उकळा, त्यापुढे ते जात नाही. चहापूड पाण्यात एक-दीड मिनिट जास्त उकळू द्या किंवा पाव चमचा वाढवा. पिशवीचा चहा असेल तर कप बशीनं झाकून पाच मिनिटं ठेवा. थंडीत कप आधी गरम पाण्यानं विसळून घेतला तर जाणवण्याइतका फरक पडतो. कॉफीला मात्र ही उंची मानवते. ती ९० ते ९६ अंशांच्या पाण्यात चांगली उतरते, त्यामुळे तिथे केटल बंद होताच थेट ओतावं. खाली सांगलीत अर्धा मिनिट थांबून ओतलेलं बरं.

प्रश्न : आटपाडी भागात आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. पाणी बोअरचं. दोन महिन्यांत केटलच्या तळाला पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि चहावर तवंग येतो. व्हिनेगरनं धुतलं तर वास जात नाही.
– केंद्रचालक, सांगली जिल्हा

उत्तर : पाणी जड आहे. तापवल्यावर त्यातला चुना तळाला बसतो. थर उष्णता अडवतो, तळ जास्त तापतो आणि कोरडेपणात बंद पाडणारी आतली कळ मध्येच केटल बंद करते. तेव्हा केटल बिघडली समजून टाकून देऊ नका.

व्हिनेगरऐवजी किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरा. अर्धा लिटर पाणी उकळा, केटल बंद करा आणि मग १५ ग्रॅम लिंबूफूल थोडं थोडं घाला. एकदम टाकलं तर फसफसून वर येतं. वीस मिनिटं ठेवा, ओतून टाका, साधं पाणी दोनदा उकळून फेका. थर जुना असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तारेच्या घासणीनं खरवडू नका, ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो. तुमच्याकडच्या पाण्याला हे पंधरा दिवसांनी करावं. रात्री केटलमध्ये पाणी ठेवू नका, उपडी करून वाळवा.

चहावरचा तवंगही याच चुन्याचा. तो घालवायचा तर चहा-कॉफीपुरतं पाणी आरओचं द्या. मात्र आरओ इतकंही ताणू नका की टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०-३० वर येईल, त्या पाण्यात चहा-कॉफी दोन्ही सपक लागतात. १०० ते १५० च्या आसपास ठेवा. कॅप्सूल मशीनचा विचार असेल तर तुमच्या पाण्यात तो सोडूनच द्या. केटलचा थर डोळ्यांना दिसतो, मशीनच्या नळ्यांतला दिसत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात खोलीतली साखर, कॉफी पावडर, दूध भुकटी सगळ्याच्या गुठळ्या होतात. काय करावं?
– हाउसकीपिंग प्रमुख, महाबळेश्वर

उत्तर : बरण्या बंद करा आणि एकेका कपाच्या सीलबंद पुड्या द्या. खोलीत एका वेळी चारच ठेवा, साठा कोठारात झाकणाच्या स्टील डब्यात. ट्रे बाथरूमच्या दाराजवळ आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकून ठेवू नका. भुकटी कपात आधी घालून दोन चमचे पाण्यात कालवायची आणि मग वरून चहा ओतायचा, असं ट्रेवरच्या कार्डावर लिहा. उकळत्या चहात वरून टाकली की कोरडी भुकटीही गोळा होते. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद ठेवणार असाल तर केटल कोरड्या करून, झाकण उघडं ठेवून, कापडी पिशवीत कपाटात घाला. बंद झाकणाच्या केटलला चार महिन्यांत जो कुबट वास लागतो, तो लिंबूफुलानंही सहज जात नाही.